एका चिरेच्या मेंढ्या

१

अक्रम हवालदाराच्या धाकट्या लेकीचा, मेहकचा, निकाह शिरूरला झाला ते साल दोन हजार दोन. जानेवारी सरत आला होता. वलिम्याची मेजवानी होऊन एकच दिवस झालेला. मांडवाचे बांबू अजून दारात पडून होते. तेवढ्यात शेजारच्या किराणा दुकानातून हाक आली, दौंडवरून फोन आहे म्हणून.

फोनवर भाचा होता, अनिस.

"मामू, अब्बांच्या मेंढ्या गेल्या."

"गेल्या म्हंजी? मेल्या का?"

"मेल्या असत्या तर कातडी तरी दिसली असती. चोरल्या. आन् चोर कोण ते बी मला ठावं हाय. तुम्ही या. न्हाई आलात तर शुक्रवारच्या नमाजानंतर मी सरळ चौकीत जातो आन् गेणबाचं नाव घालतो."

अक्रमला पोलिसातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. चोरीचे गुन्हे त्यानं ढिगानं पाहिले होते. पण गेणबाचं नाव ऐकल्यावर त्यानं अनिसला तेच नाव पुन्हा सांगायला लावलं.

गेणबा म्हणजे अनिसच्या बापाचा, अक्रमच्या मेहुण्याचा, सिद्दीकभाईंचा, तीस वर्षांचा दोस्त. सिद्दीकभाई पाटसच्या साखर कारखान्यात पाक आटवायच्या कामावर होते. हंगामात गेणबा धनगराची मेंढरं उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, खायला कारखान्यामागं यायची. तिथं दोघांची तंबाखूवरून ओळख झाली आणि पुढं ती तंबाखू सुटली तरी टिकली. सिद्दीकभाई निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे हातात आले. अक्रमनं त्यांना पोस्टाची मासिक योजना समजावून सांगितली, बँकेची ठेव समजावली. सिद्दीकभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्रम, व्याज मी खाणार न्हाई. तुझं तू बघ, माझं मला वर जाब द्यायचाय."

मग त्यांनी मेंढ्या घेतल्या. मेंढ्या गेणबाच्या कळपात, अर्धलीनं. म्हणजे मेंढी सिद्दीकभाईंची, राखण गेणबाची, आणि जी कोकरं होतील त्यात दोघांचा निम्मा वाटा. नर कोकरं वाढवायची आणि बकरी ईदच्या आधी विकायची. मेंढी मात्र विकायची नाही. ती मुद्दल. त्या निम्म्या वाट्यावर नवराबायकोचं वर्षाचं धान्य, औषधपाणी, पाहुणारावळा निघायचा. कारखान्याची पेन्शन मिळायची, पण ती चहा-साखरेतच विरघळून जायची.

खूण कानावर. गेणबाच्या मेंढरांच्या दोन्ही कानांना चीर, सिद्दीकभाईंच्या मेंढ्यांच्या फक्त उजव्या कानाला. कागद नाही, साक्षीदार नाही. अक्रम म्हणायचा, सगळा भार एका खुंटीला टांगू नये, दुल्हेभाई. पण सरकारनं पोस्टाचा व्याजदर खाली आणला तेव्हापासून सिद्दीकभाईच त्याची फिरकी घ्यायचे, "काय अक्रम, तुझ्या पोस्टातल्या मेंढीला यंदा कोकरू झालं का?"

अशा माणसाच्या मेंढ्या गेल्या होत्या, आणि आळ गेणबावर होता. मेहक जन्मली तेव्हा गेणबाच्या बायकोनं, अनसाबाईनं, तिच्यासाठी हातभर काळं घोंगडं पाठवलं होतं. ते घोंगडं मेहक सासरी घेऊन गेली. लग्नाचं पहिलं आवतान अक्रमनं नातलगांना न देता गेणबाला दिलं होतं, डिसेंबरातच, मेंढरांमागं रानात जाऊन. लग्नाला दोघं नवराबायको आली होती. अनसाबाईची बोटं पिवळीधम्मक पाहून अक्रमच्या बायकोनं चेष्टा केली होती, "वहिनी, हळद तर परवाच झाली. तुम्ही कुणाला लावून आलात?" अनसाबाई पदरात हात लपवून नुसती हसली होती.

अक्रमनं पिशवीत दोन कपडे टाकले आणि बुधवारची सकाळची एसटी धरली.

२

न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून एसटी दौंडला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. सिद्दीकभाई खाटेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणूस ओळखायचे ते आवाजावरून.

"आलास? बस. आधी एक सांगतो. गेणबाविरुद्ध मला काही ऐकवू नको. पण मेंढ्या न्हाईत हे बी खरं हाय. मला कुठं दिसतंय? अनिसनं पाहिलं, व्यापाऱ्यानं पाहिलं."

अनिस दाराला टेकून उभा होता. सणसवाडीला एका कंपनीत कामाला, तिशी ओलांडलेला, बोलताना सारखा घड्याळाशी चाळा करणारा. रजा टाकून आला होता.

"काय झालं ते नीट सांग," अक्रम म्हणाला. "रागावर नंतर ये."

"काल सकाळी अब्बांना आन् पोपट व्यापाऱ्याला घेऊन गेणबाच्या कळपावर गेलो. एका चिरेच्या पन्नासाच्या आतबाहेर मेंढ्या पाहिजेत का न्हाई? निघाल्या दहा-बारा. बाकी सगळ्या दोन चिरेच्या. गेणबाला इचारलं तर खाली मान घालून म्हणतो, आता काय सांगू? मामू, तीस वर्षांच्या दोस्ताला हे उत्तर?"

"व्यापारी कशाला नेला होतास? ईदला तर नर जातात."

अनिसनं बापाकडं बघितलं. सिद्दीकभाईंनी खाटेवरची चादर उगाच सारखी केली.

"मेंढ्याच विकायच्या होत्या," अनिस म्हणाला. "सगळ्या. सणसवाडीला जागा मिळतीय. चार खोल्या टाकायच्या. बिहारची, यूपीची पोरं एका खोलीत आठ-आठ झोपतात तिथं, भाडं आगाऊ देतात. भाड्यात काय व्याज हाय का? ह्यांच्याच म्हातारपणाची सोय. मेंढीला रोग आला तर एका आठवड्यात सगळं मातीत. खोलीला कधी रोग आलाय?"

बोलणं चुकीचं नव्हतं. अक्रमलाही ते पटलं.

"आन् तुम्ही हो म्हणालात, दुल्हेभाई?"

"पोरगं सांगतंय," सिद्दीकभाई हळू म्हणाले. "म्हटलं, बघ बाबा."

"हे ठरलं कधी?"

"संक्रांतीला. कंपनीला सुट्टी होती तवा. अब्बा, अम्मी आन् मी, तिघंच होतो. पोपटला बी मी लग्न झाल्यावर बोललो. बाहेर कुणाला पत्ता न्हाई."

"मेंढ्या शेवटच्या कुणी बघितल्या?"

"तुझ्या आपानंच," सिद्दीकभाई म्हणाले. "संक्रांतीनंतर गेणबाकडं मेहकच्या लग्नाचं आवतान द्यायला गेली होती. दोन दिवस तिथंच राहिली. सगळ्या मेंढ्या जागेवर हायत म्हणाली."

बानूआपा चुलीपाशी भाकरी थापत होती. अक्रमची बहीण, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, अंगानं बारीक. तिनं मान वर केली नाही.

"आपा, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तू पोलीस. तू शोध." तव्यावरची भाकरी उलथून ती म्हणाली, "जेवून जा मात्र. उपाशीपोटी माणूस कुणालाही चोर म्हणतो."

अनिस बाहेर सोडायला आला आणि कानाशी लागला. "मामू, गेणबाच्या पोरानं, बिरदेवनं, महिन्यामागं मोटरसायकल घेतलीय. मेंढरं राखणाऱ्याला पेट्रोल परवडतं का, ते बी इचारा."

३

पाटसच्या अलीकडं ऊस तुटून गेलेल्या एका रानात गेणबाचा कळप बसवलेला होता. शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. मेंढरांभोवती दोरीचं जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. दुपारची वेळ, मेंढरं वाघरीतच होती. गेणबा बाभळीखाली मांडीवर दोरी घेऊन जाळं विणत बसला होता. अक्रमला पाहून त्यानं हात थांबवले नाहीत.

"या, जमादार. पोरगी नांदायला गेली न्हवं का नीट?"

"गेली. घोंगडं घेऊन गेली."

गेणबाच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला आणि लगेच गेला. अनसाबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा पालात शिरली. एरवी ही बाई अक्रमशी तासभर बोलत बसायची.

"गेणबाआबा, मेंढ्या कुठं गेल्या?"

"आता काय सांगू?"

"कोल्ह्या-लांडग्यानं नेल्या?"

"न्हाई."

"चोरानं?"

गेणबानं गाठ मारली. "अनिस मला चोर म्हणतो. म्हणू द्या."

"मी म्हणत न्हाई अजून. मला एवढं सांगा, गेल्या त्यात कुठल्या कुठल्या होत्या? वर्णन द्या. बाजारात तपास करतो."

गेणबानं दोरीचा पीळ सोडवला. मग म्हणाला, "मेंढ्यांसारख्या मेंढ्या. त्यांचं काय वर्णन असतंय?"

अक्रमला एक जुनी गोष्ट आठवली. दहा वर्षांपूर्वी याच गेणबाची एक मेंढी रेल्वेखाली गेली होती. तांबडी, डाव्या डोळ्याभोवती काळं, पहिल्या वेताला जुळी. पुढं वर्षभर सिद्दीकभाईंच्या घरी आला की गेणबा तिचीच गोष्ट सांगायचा. शेवटी बानूआपा म्हणाली होती, भावजी, बायको मेली तरी एवढं आठवणार न्हाई तुम्ही. आणि आज त्याच माणसाला चाळीसभर मेंढ्यांतली एकही आठवत नव्हती.

"आत जाऊन बघू का?"

"बघा की."

अक्रम वाघर उचलून आत शिरला. मेंढरांत पाय ठेवायला जागा नव्हती. एका दोन चिरेच्या मेंढीच्या डोक्याला त्यानं हात लावला, तेवढ्यात मागून अनसाबाईचा आवाज आला, कधी नव्हे इतका चढलेला.

"भाऊ, हात लावू नका तिला! गाभण हाय, बिचकल!"

अक्रमनं हात काढून घेतला. गाभण मेंढीला डोक्यावर हात फिरवल्यानं काही होत नाही, हे तो जाणून होता. आणि अनसाबाई तर त्याच्याहून जास्त जाणून होती.

४

पोपट व्यापारी पाटसच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर सापडला. अंगानं गोल, खिशात चार पेनं, त्यातलं एकही चालत नसावं.

"जमादार, माझा एक दिवस फुकट गेला बघा. पन्नास मेंढ्या म्हणून टेम्पो सांगून ठेवला होता. निघाल्या किती? दहा-बारा! आन् त्या बी कशा? दात पडलेल्या, भाकड. एक बी कामाची न्हाई. असला माल मी उधारीवर बी उचलत न्हाई."

"सगळ्याच भाकड?"

"सगळ्या. चोर लई शाणा. नीट वेचून चांगल्या तेवढ्या नेल्या. आन् कळप तरी काय गच्च! माझाच एक पाय दुसऱ्यावर पडत होता. धोतर घाण झालं ते येगळंच."

अक्रमनं चहाचे पैसे दिले आणि विचार करत चालू लागला. रात्रीचा चोर वाघर उचलतो आणि हाताला येईल ते ओढतो. कुठली भाकड, कुठली दुभती, हे अंधारात त्याला काय कळणार? मेंढी न् मेंढी ओळखणाऱ्यानंच हे वेचलं होतं. म्हणजे घरचं माणूस.

बिरदेव रस्त्यावरच भेटला, मोटरसायकलवर. अक्रमनं हात केला. बिरदेवनं गाडी थांबवली, पण खाली उतरला नाही.

"मामा, गाडीचं इचारणार असाल तर आधीच सांगतो. सासऱ्यानं दिली. जुनी हाय, धूर सोडती. पावती दाखवू का सासरा दाखवू?"

"सासरा दाखव. पावत्या मी लई बघितल्यात."

बिरदेव हसला नाही. "तुम्ही तरी असं बोलू नका. अनिस आन् मी एका ताटात जेवलोय. त्यो रानात उभा राहून माझ्या बापाला चोर म्हणाला आन् बाप गप बसला. मी अंगावर धावलो तर बापानंच मला धरलं. मला म्हणतो, तुझं काम न्हाई ह्यात बोलायचं. मग कुणाचं काम हाय, मामा? मला बी कुणी सांगंना."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. अक्रमनं त्याचं नाव मनातून काढून टाकलं.

गुरुवारी सकाळी गेणबा मेंढरं चारायला पांगवत होता, तेव्हा अक्रम पुन्हा गेला. या वेळी त्यानं विचारलं नाही. वाघरीतून बाहेर पडणारी एक दोन चिरेची मेंढी त्यानं गुडघ्यांत दाबली आणि कान उलटे करून बघितले.

उजव्या कानाची चीर जुनी. कडा कडक, त्यावर केस आलेले. डाव्या कानाची चीर ताजी. खपली नुकती पडलेली, कडा गुलाबी, आणि केसांच्या मुळाशी पिवळा रंग.

दुसरी मेंढी धरली. तसंच. तिसरी, तसंच.

चोरी कशी झाली ते अक्रमला कळलं. मेंढी जागची हललीच नव्हती. एका चिरेच्या मेंढीच्या डाव्या कानाला एक चीर वाढवली की ती गेणबाची. उभ्या मुलखात कुणीही बघितली तरी गेणबाचीच.

म्हणजे अनिस खरं बोलत होता.

५

अक्रम रस्त्यापर्यंत चालत आला आणि एका मैलाच्या दगडावर बसला. दौंडच्या दोन एसट्या त्याच्यासमोरून गेल्या, तो उठला नाही. त्याला गेणबाचा राग आला होता, पण त्या रागात काहीतरी टोचत होतं.

चोरलेला माल कुणी मालकाच्या डोळ्यांपुढं ठेवतं का? गेणबानं एक शेपूटही विकलेलं नव्हतं. उलट तो वाघर वाढवत होता. कोकरं वाढली, कळप मावेना, म्हणून जाळं विणत होता, तेही अक्रमच्या देखत. चोराला एवढं तरी कळतं, की चाळीस मेंढ्या गेल्या म्हणायचं आणि जाळं मोठं करायचं हे एकत्र जात नाही. गेणबाला खोटं जमतच नव्हतं. त्याला गप्प बसणं तेवढं जमत होतं.

मग चिरा कुणी मारल्या? जखमेवर हळद कुणी लावली? हळद अनसाबाईच्या बोटांवर होती, मेहकच्या लग्नात. पण अनसाबाईला मेंढ्या विकायचं ठरलंय हे कळलं कसं? ठरलं संक्रांतीला, तिघांत. व्यापाऱ्याला कळलं लग्नानंतर. चिरा त्याच्या आधीच्या. आणि एवढ्या मेंढ्या धरायच्या, तर एकीनं धरायची आणि दुसरीनं चिरायची. बाई एकटी नव्हती.

संक्रांतीनंतर गेणबाच्या पालावर कोण गेलं होतं?

अक्रम दगडावरून उठला. मेहकच्या लग्नाचं आवतान गेणबाला त्यानं स्वतः दिलं होतं. डिसेंबरात. बानूआपाला हे माहीत होतं, तिला त्यानंच सांगितलं होतं.

दौंडला पोचला तेव्हा बानूआपा अंगणात वाळवण राखत बसली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन पाटसला चाललोय. अनिस चौकीत जायच्या आत काय ते मिटवतो. तू बी चल."

"मी कशाला?"

"आवतान द्यायला."

बानूआपानं कावळा हाकलायची काठी खाली ठेवली. तिनं भावाकडं बघितलं आणि वाळवण गोळा करायला लागली.

६

शुक्रवारी सकाळी बाभळीखाली सगळे जमले. सिद्दीकभाईंना अनिसनं हाताला धरून आणलं. गेणबानं उठून त्यांना आपलं घोंगडं अंथरून दिलं. दोघं शेजारीशेजारी बसले. बिरदेव लांब उभा होता. अनसाबाई पालाच्या तोंडाशी.

अक्रम म्हणाला, "चोरी झालेली न्हाई. दुल्हेभाई, तुमच्या मेंढ्या हितंच हायत. बिरदेव, एक मेंढी आण. दोन चिरेची."

बिरदेवनं आणली. अक्रमनं सिद्दीकभाईंचा हात धरून आधी उजव्या कानावर ठेवला, मग डाव्या. सिद्दीकभाईंची बोटं तीस वर्षं पाकाची तार बघण्यात गेलेली. त्यांनी कड चाचपली, एकदा, दोनदा.

"ही नवी हाय," ते म्हणाले.

"बघा!" अनिस ओरडला. "कान कापून आपल्या करून घेतल्या! मी म्हणत होतो ना! गेणबा, लाज—"

"गप बस," बानूआपा म्हणाली. "मी कापले."

बानूआपा पुढं येऊन मेंढीजवळ उभी राहिली.

"अनसाबाईनं धरल्या, मी कापले. गेणबाभावजी दोन्ही दिवस शेतमालकाकडं गेले होते धान्य आणायला. बिरदेव सासुरवाडीला होता. भाकड होत्या त्या तशाच सोडल्या, विकल्या तर विकल्या म्हणून. तिसऱ्या दिवशी भावजींनी बघितलं. त्यांना मी कुराणाची आन् त्यांच्या बिरोबाची, दोन्हीची शपथ घातली."

"एक शपथ पुरली असती, भाभी," गेणबा पुटपुटला.

"अम्मी," अनिस तिच्याकडं वळला. "का?"

"विकायच्या न्हवत्या म्हणून."

"मग न्हाई म्हणायचं! मला सांगायचं! मी काय परका हाय?"

"सांगितलं असतं तर तू तोंड पाडलं असतंस, आन् मी दिल्या असत्या. तुझा बाप तर आधीच देऊन बसला होता. त्यांना पाकाची पारख हाय, पण पोराच्या तोंडाकडं बघून न्हाई म्हणता येत न्हाई. मला बी येत न्हाई. म्हणून कानाला हात घातला. कान रडत न्हाई."

"मी तुमच्यासाठीच करत होतो. खोल्यांचं भाडं तुम्हालाच दिलं असतं."

"दिलं असतंस. मी तुला वाईट म्हणत न्हाई, बेटा. पण खोली तुझ्या नावावर, भाडं तुझ्या हातात. गुडघ्याचं औषध संपलं की मी आधी तुझा फोन लावायचा. मग तुझ्या बायकोला इचारायचं, अनिसचा मूड बरा हाय का. ह्या मेंढ्यांपुढं मला हात पसरावा लागत न्हाई. ईद आली की गेणबाभावजी पैसे आणून तुझ्या बापाच्या हातात ठेवतात आन् चहा पिऊन जातात. मला तेवढंच पाहिजे. मागायला लागू नये, एवढंच."

अनिस खाली बसला. घड्याळाशी चाळा करायचंही विसरला.

सिद्दीकभाईंनी अजून मेंढीचा कान सोडला नव्हता. ते गेणबाकडं वळले. "तू चोर म्हणवून घेतलंस?"

"दोन-चार दिवस आत बसावं लागलं असतं, एवढंच," गेणबा म्हणाला. "तुम्ही आला असता चौकीत मला सोडवायला."

"आन् न्हाई आलो असतो तर?"

"तर मंग बघितलं असतं."

सिद्दीकभाई हसले आणि मग त्यांना डोळे पुसावे लागले. ते म्हणाले, यंदाच्या नरांचे आपल्या वाट्याचे सगळे पैसे अनिसनं घ्यावेत, जागेचा विसार म्हणून. मेंढ्या मात्र राहतील. अनिसनं मान हलवली, पण त्यात राजीखुशी नव्हती. त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि तो अक्रमच्याही मनात होता.

"कापलेला कान काय परत जुळत न्हाई, मामू. आता सगळी मेंढरं दोन चिरेची. गेणबाआबा हायत तवर ठीक. उद्या ते न्हाई राहिले, आन् बिरदेव म्हणाला की सगळी माझीच, तर? अम्मी काय दाखवणार?"

बिरदेव लांबून सगळं ऐकत होता. तो मेंढी घेऊन कळपात निघून गेला.

७

त्या ईदचे पैसे विसारापुरते पुरले, पण उरलेली रक्कम अनिसला जमली नाही आणि जागा दुसऱ्यानं घेतली. त्या जागेची किंमत पुढं कुठल्या कुठं गेली. अनिस अजून सणसवाडीवरून जाताना तिकडं बोट दाखवतो, आणि तो म्हणतो ते खरंच आहे. तेव्हा मेंढ्या विकल्या असत्या तर तो आज चाळीचा मालक असता.

त्याच साली पाऊस झाला नाही. उसाला पाणी नव्हतं, वाढं नव्हतं, दौंड तालुक्यात गुरं छावणीवर बांधली. गेणबाच्या कळपात रोज एखादी मेंढी बसायची ती उठायची नाही. त्यातच पुढच्या मे महिन्यात गेणबा गेला. मातीला सिद्दीकभाई आणि बानूआपा पाटसपर्यंत आले, अक्रम शिरूरहून आला. परतताना बानूआपा कळपाकडं वळून वळून बघत होती. अक्रमला तिच्या मनातलं कळत होतं. कळप निम्मा झालेला. कान सगळ्यांचे सारखे. मेल्या त्या सिद्दीकच्या, जगल्या त्या आमच्या, एवढं बिरदेवनं म्हटलं की संपलं.

तेरावा झाल्यावर बिरदेव मोटरसायकलवरून दौंडला आला. त्या दिवशी अक्रमही मुद्दाम येऊन थांबला होता. बिरदेव ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि सिद्दीकभाईंना म्हणाला, "चाचा, हिशेब सांगायला आलोय. तुमच्या गेल्या त्या सांगतो. कपाळावर पांढरा टिळा असलेली गेली, ती चैत्रात. तिची लेक जगली. मुडी शेपटी गेली. त्या दोघी भुऱ्या बहिणी एका दिवशी गेल्या. अजून सात हायत, सांगतो. बाकी मेल्या त्या आमच्या."

"तुमच्या जास्त गेल्या?" सिद्दीकभाईंनी विचारलं.

"आमच्या म्हाताऱ्या जास्त होत्या."

तो एकेकीचं वर्णन सांगत राहिला. कुणाचं तोंड कसं, कुणाचं वेत कितवं. बानूआपा दाराशी उभी राहून ऐकत होती. वर्णन संपल्यावर ती आत गेली आणि चहा ठेवला. दूध जास्त घातलं, साखरही.

अक्रम नंतर बिरदेवला सोडायला बाहेर आला. म्हणाला, "कान सारखे असताना तू एवढं कसं ओळखलंस?"

"मामा, कान बाजारासाठी असतात," बिरदेव म्हणाला आणि गाडीला किक मारली. गाडी तिसऱ्या किकला चालू झाली, धूर सोडत गेली.

नंतर दरसाल ईदच्या आधी बिरदेव येत राहिला. पैसे ठेवायचा, चहा प्यायचा, जायचा.

गेणबा मे दोन हजार तीनमध्ये वारला. सिद्दीकभाई दोन हजार सहाच्या डिसेंबरात झोपेत गेले. अनसाबाई त्यांच्यामागं दीड वर्षानं. बानूआपा सप्टेंबर दोन हजार नऊमध्ये, रमजान चालू असताना दौंडच्या घरी वारली. तिच्या कफनाला कुणाला पैसे घालावे लागले नाहीत.